पातेली वर, झाकणं खाली

आमच्या गल्लीत युद्ध पेटलं ते हुग्गीवरून. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गुळात शिजवलेली खीर. एवढ्याशा गोष्टीवरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघत नाहीत, असं मी सासरी सांगायचे तेव्हा कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना त्या हुग्गीची किंमत विचारा.

सोलापुरातली आमची गल्ली उताराची. वरच्या टोकाला मारुतीचं देऊळ, खालच्या टोकाला पिठाची गिरणी आणि मध्यावर नळ. नळासमोर आमचं दोन खणांचं घर. दुष्काळ सरला, बाजारात गहू दिसायला लागला, तेव्हा श्रावणातल्या एका सोमवारी सगळ्या गल्लीनं मिळून हुग्गी करायचं ठरवलं. हुग्गीचं बूड लागू नये म्हणून सारखं ढवळत राहावं लागतं. ढवळायला वरच्या अंगाची माणसं होती, जाळ घालायला खालच्या अंगाची. आणि हुग्गी करपली. सगळी गल्ली हातात वाट्या घेऊन उभी होती, तिच्या नाकादेखत करपली.

वरच्यांचे पुढारी मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, घरात कानडी बोलायचे. ते म्हणाले, "येवडा जाळ? हुग्गी शिजवत होता का चिता रचत होता?" खालच्यांचे पुढारी चार-सहा मागांचे मालक, तेलुगू घरातले; त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते म्हणाले, "तुमची लोकं गप्पा मारत ढवळत होती. हात चालला असता तर कशाला लागली असती?" चिता हा शब्द श्रावणी सोमवारी देवळापुढं उच्चारला गेला, हे नंतर मुख्य कारण ठरलं. माझ्या मते मुख्य कारण भूक होतं. पोट भरलं असतं तर कुणाला चिता ऐकूही आली नसती.

त्या संध्याकाळी सार्वजनिक भांडी जिथं होती तिथंच राहिली. ही भांडी सगळ्या घरांनी मिळून घेतलेली, गल्लीतल्या प्रत्येक लग्ना-बारशाला निघायची. मोठी पितळी पातेली घासायला वर नेली होती, ती जॉबरांच्या पडवीत अडकली. झाकणं, झारे, पळे आणि जाजम खाली वाळत होते, ते मास्तरांच्या माडीवर गेले. दोन्हीकडच्यांनी कुलपं लावली. वरच्यांकडे झाकणं नाहीत, खालच्यांकडे पातेली नाहीत, आणि दोघांनाही वाटत होतं की आपणच जिंकलो.

मग सुरू झाला तो तमाशा मी रोज दारातून बघायचे. नळावर दोन रांगा झाल्या. वरच्यांकडे बारसं झालं तेव्हा पातेल्यातल्या भातावर केळीची पानं टाकून वर वरवंटा ठेवला. खालच्यांकडे जावळ झालं तेव्हा घरच्या लहानशा पातेल्यावर ते दांडगं झाकण ठेवलं, कारण आपल्याकडे झाकणं आहेत हे लोकांना दिसायला हवं होतं. झाकण घसरून वरणात पडलं. वर कुणीतरी शिट्टी मारली, त्यावरून पुन्हा हातघाई. मी बालवाडीत शिकवत होते. दिवसभर पोरांची भांडणं सोडवून घरी यावं, तर दारात मिशांची पोरं भांडत बसलेली. माझं डोकं फिरायचं.

आईला मात्र डोकं फिरवून घ्यायची सोय नव्हती. वडील मी शाळेत असताना तापानं गेले. तेव्हापासून आई घरी चरख्यावर मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. कांड्या मास्तरांच्या, म्हणजे खालच्या अंगाच्या. घर जॉबरांच्या चुलत्याचं, म्हणजे वरच्या अंगाचं. त्यामुळं आई दोन्हीकडच्यांशी बोलायची आणि दोन्हीकडच्यांबद्दल काही बोलायची नाही. नळावर ती दोन्ही रांगा संपल्यावर घागर लावायची.

अशात माझं लग्न ठरलं. केम गावचं स्थळ, घरची शेती, मुलगा शाळेत शिक्षक. लग्न आमच्या दारात. लगेच वरून निरोप आला की पातेली घेऊन जा, पण खालची झाकणं त्यावर बसता कामा नयेत. खालून निरोप आला की झाकणं, जाजम सगळं तुमचंच, पण वरच्या पातेल्यात शिजवलं तर आम्ही जेवायला येणार नाही. मी म्हटलं, भांडी भाड्यानं आणू. हे कळल्यावर दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी येऊन मला बोलून गेल्या की बाहेरची भांडी आणलीस तर गल्लीचं नाक कापलं जाईल. नाक तेवढं अजून दोघांचं सामाईक होतं.

पण माझा जीव भांड्यात अडकला नव्हता. माझं दुखणं दुसरंच होतं. आमच्याकडे नवरीला पहिली हळद गल्लीतली मानाची सवाष्ण लावते, मग तिची आई. आई विधवा असेल तर तिनं तेवढा वेळ आतल्या खोलीत बसायचं. इतरांच्या लग्नात आई कशी बसते ते मी लहानपणापासून बघत आले होते. जात्यावर हळद तीच दळायची, कारण तिच्याइतकी बारीक कुणाची येत नसे. दळून झाली की ताटली दाराबाहेर सरकवायची, आणि स्वतः दाराआड. माझ्या लग्नातही ती तशी बसणार या कल्पनेनंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी एकदा तिला सांगून टाकलं, "हळद तू लावणार असशील तर लावून घेईन. नाहीतर तशीच बोहल्यावर उभी राहीन."

"गप बस की गं," आई चरखा न थांबवता म्हणाली. "माज्या हातानं तुजं वाईट व्हायला नको."

"वडील तापानं गेले. तुझ्या हाताचा काय संबंध?"

आईचं सूत तुटलं, ते जोडत बसली. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण माझ्यासाठी दळायची हळकुंडं तिनं केव्हाच आणून ठेवली होती, आणि रोज डबा उघडून बघायची.

मध्यस्थ कोण, हा प्रश्न होता. गल्लीत नकार चार भाषांत मिळायचा. जॉबर 'ब्याड' म्हणायचे, मास्तर 'लेदु', आई 'नगं', आणि बांगड्या भरायला येणारी चाची 'नक्को'. होकार कुणाच्याच भाषेत ऐकू येत नव्हता. शेवटी ही चाचीच पुढं आली. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती दोन्ही अंगांच्या घरांत जायची, आणि तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. लग्नसराईत तिच्यावाचून अडतं कुणाचं?

चाचीची रीत मी पाहिली आहे. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटं दाबून दाबून मऊ करायची, आणि बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अर्धी चढली की मुद्द्याला हात घालायचा. बाई उठून जाऊ शकत नाही. हात ओढला तर बांगडी फुटणार, आणि फुटली असं म्हणायचीही चोरी, वाढवली म्हणायचं. लग्नाच्या तोंडावर कोण वाढवून घेईल?

वरच्या काकूंना, म्हणजे जॉबरांच्या बायकोला, तिनं आमच्याच ओट्यावर असं धरलं होतं.

"पातेली देतीस ना पोरीकू?" चाचीनं विचारलं.

"देतो की. आमी कुटं न्हाय म्हणलं? झाकणं नकोत त्यांची."

"बगैर झाकन भात कैसा दम खाता गे?"

"पानं टाकू."

चाचीनं बांगडी तिथंच थांबवली. "बरात बड़ी है. केमसे लोगाँ आते. पत्ते पे वरवंटा देखके क्या बोलेंगे? जॉबर के गल्ली में झाकन नै?"

काकूंचा हात दुखायला लागला होता. त्या कळवळून म्हणाल्या, "बरं बरं, बसवा झाकणं! पण आमाला काय मान?"

यावर चाचीनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण ती त्यांच्या कानाशी झुकली होती. बांगडी मात्र सर्रकन चढली. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, हात तसाच धरलेला मी गिरणीपाशी पाहिला. तिथंही आधी कळवळणं, मग कानाशी लागणं, मग बांगडी सर्रकन. मला वाटलं, काय ही बाई! मोठमोठ्या माणसांना जमलं नाही ते हिनं दोन डझन बांगड्यांत केलं.

बायका वळल्या तरी पुरुषांची बोलणी राहिली होती. ती नाक्यावरच्या केशकर्तनालयात झाली. दोघंही पुढारी म्हणाले की आपण बोलणी करायला जाणार नाही, पण दाढी करायला जाऊ. दाढीला जाण्यात कमीपणा नाही. एकाच वेळी दोन खुर्च्यांवर दोघं बसले, तोंडाला साबण, आणि आरशात बघून बोलले. समोरासमोर बोललो नाही असं नंतर दोघांनाही शपथेवर सांगता आलं. न्हाव्यानं सांगितलं त्यावरून वाद असा झाला की आधी पातेली खाली यायची का आधी झाकणं वर जायची. जॉबर म्हणाले, "आधी झाकणं आणा." मास्तर म्हणाले, "झाकन कशावर ठेवायचं? आधी पातेलं आणा." हे बराच वेळ चाललं. साबण वाळून तोंडं ओढायला लागली. शेवटी न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन सुचवलं की दोन्ही एकदमच निघू द्यात आणि नळापाशी भेटू द्यात. वस्तरा गळ्याशी असताना माणूस फार ताणत नाही. ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती मिरवणूक निघाली. वरून दोघा-दोघांनी कान धरलेली पातेली, खालून डोक्यावर झाकणं घेतलेली माणसं. कोणी लवकर पोचू नये म्हणून दोन्हीकडचे इतके सावकाश चालत होते की बघणाऱ्यांच्या अंगाला मुंग्या याव्यात. उतार असल्यामुळं पातेल्यांना आवरणं जास्त अवघड होतं. एक पातेलं निसटलं, घरंगळत नळावरून पुढं गेलं आणि थेट मास्तरांच्या पायापाशी जाऊन थांबलं. मास्तरांनी ते उलटं करून बुडाकडे पाहिलं. करपल्याचा काळा डाग अजून होता. "घासलं नाही वाटतं नीट," ते म्हणाले. जॉबरांची मिशी हलली. आईनं घाईघाईनं पुढं होऊन पातेलं ताब्यात घेतलं आणि म्हणाली, "मी घासते की, भावजी. माजंच काम हाय ते." एवढ्यावर निभावलं. रात्रीपर्यंत प्रत्येक पातेल्यावर त्याचं झाकण बसलं होतं आणि मी मनातल्या मनात चाचीला नमस्कार करत होते.

सकाळी कळलं की चाचीनं दोन्ही काकूंच्या कानात काय सांगितलं होतं.

मी पाटावर बसले होते. हळदीचं ताट समोर, आई रीतीप्रमाणे आतल्या दाराआड. मी रागानं हनुवटी छातीला टेकवून बसले होते आणि रडायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात वरून वरच्या काकू आल्या, नवी इरकल नेसून. त्याच वेळी खालून खालच्या काकू आल्या, नवं जरीच्या पदराचं लुगडं, मोठं कुंकू. दोघींचे हात एकदमच ताटाकडे गेले, आणि थांबले.

"पहिली हळद माजी हाय," वरच्या काकू म्हणाल्या. "तसं ठरलंय."

"माजी ठरलीय," खालच्या काकू म्हणाल्या.

दोघींनी चाचीकडे बघितलं. चाची माझ्या मागं बसून हिरव्या बांगड्यांची जुळणी करत होती. तिनं मान वर केली नाही. "दोनोंकू बोली थी," ती बांगड्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाली. "दिए बगैर बर्तन आते थे क्या?"

मग जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे भांडणाचा अपमान. हुग्गी निघाली. चिता निघाली. वरणात पडलेलं झाकण निघालं. बाहेर चुलीपाशी बातमी पोचली आणि पातेल्यांवरची झाकणं काढून खांद्याला लावायला माणसं उभीही राहिली. भात अर्धा कच्चा. केमचं वऱ्हाड स्टेशनवरून निघालं होतं, उष्टी हळद घेऊन. मी दोघींच्या मधे पाटावर. हळद कुणाची का असेना, लावा आणि मोकळं करा, असं ओरडावंसं वाटत होतं.

"ह्या बाईचं बोट लागण्यापरीस," वरच्या काकू शेवटी तडकल्या, "पोरीच्या आईनं लावली तर परवडंल मला!"

बोलायला नको ते त्या बोलून गेल्या होत्या, आणि त्यांनाही ते कळलं होतं. आता खालच्या काकूंनी फक्त तोंडावर हात न्यायचा होता. "अगंबाई, काय हे बोलणं" एवढं म्हटलं असतं तरी वरच्या काकू उताण्या पडल्या असत्या. पण खालच्या काकूंना त्या क्षणी तेवढं सुचलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की समोरची बाई धमकी देतेय, आणि धमकीला भ्यायचं नाही.

"मलाबी परवडंल!" त्या कडाडल्या. "बोलवा! लावू दे तिला! तुजा हात लागत न्हाय म्हटल्यावर मला काय बी चालंल!"

"बोलवा की! मी काय भिते व्हय?"

"मग बोलवा!"

"बोलवा!"

दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या. मागं हटेल ती हरली. चाची उठली, आत गेली आणि आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. आई "अवो नगं, अवो माजं ऐका," म्हणत होती. ती एका काकूंकडे बघायची, मग दुसऱ्या काकूंकडे. दोघींपैकी एकीनं तरी मान हलवावी म्हणून बघत होती, पण दोघी एकमेकींकडे डोळे लावून उभ्या होत्या.

"लाव आता," मी म्हणाले.

आईनं बोट हळदीत बुडवलं. इतकी वर्षं तिनं हळद दळली, ताटल्या भरल्या, पण हे तिनं कधी केलेलं नव्हतं. तिनं आधी माझ्या पायाला लावली, मग गुडघ्याला, मग हाताला, आणि गालाशी आल्यावर तिथंच तिचा हात राहिला. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं ते गेलं उडत. हळद माझ्या डोळ्यांतल्या पाण्यात कालवली गेली.

तेवढ्यात दारात वऱ्हाडातल्या बायका आल्या. पुढं माझ्या होणाऱ्या सासूबाई, हातात उष्ट्या हळदीची वाटी. त्यांनी आईचं मोकळं कपाळ पाहिलं, हळदीनं भरलेला हात पाहिला, आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"पहिली हळद ह्यांनी लावली व्हय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, संपलं. आई हात मागं घ्यायला लागली. आणि त्या दोन बायका, ज्या हुग्गीपासून एकमेकींशी एक शब्दही सरळ बोलल्या नव्हत्या, एकदम एका आवाजात बोलल्या.

"व्हय. मानाच्या हाईत त्या."

"आमच्या गल्लीत हेंचाच मान असतोय," खालच्या काकूंनी वर जोडलं. वरच्या काकू म्हणाल्या, "पूर्वीपासून." बाहेरच्या माणसापुढं गल्लीचं नाक, दुसरं काय. सासूबाईंनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आसंल बाबा. गावागावाची रीत." आणि वाटी पुढं केली.

भात शिजला. झाकणं जागेवर राहिली. दोन्ही अंगांची माणसं एकाच पंगतीत जेवली, अर्थात एकमेकांकडे पाठ करून. आईनं हात धुतले तरी बोटं पिवळीच राहिली, आणि पुढच्या आठवड्यात मास्तर कांड्या परत घेऊन आले. "वैनी, टावेल पिवळे यायला लागलेत की," ते म्हणाले. आई ओशाळली. मास्तरांनी कांड्या तशाच परत नेल्या आणि मागाला लावल्या.

तुम्हाला वाटेल, मग युद्ध संपलं. छे! लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पातेली वर गेली, झाकणं खाली गेली. मात्र त्यानंतर गल्लीत जेवढी लग्नं झाली, त्या प्रत्येक लग्नात पहिल्या हळदीचा प्रश्न आला. वरच्यांना खालचीचा हात चालेना, खालच्यांना वरचीचा. मग दोन्हीकडून आईला बोलावणं यायचं, कारण 'पूर्वीपासून' तशी रीतच होती. विधवेला मान द्यावा असं त्या गल्लीत कुणालाही वाटलेलं नव्हतं. ते सगळे फक्त एकमेकांना मान देणार नव्हते. आई मात्र हळदीला जायची म्हणून एक बरं लुगडं वेगळं घडी करून ठेवायला लागली.

काही वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी आले होते. जॉबर आता थकले होते. संध्याकाळी देवळापुढं एकटेच बसायचे. मास्तरांनीही एकदा न्हाव्याजवळ त्यांची चौकशी केली होती. चाची बांगड्या भरायला आली तेव्हा खूश होती. ओट्यावर बसून आईला म्हणाली, "माँ, अब होता मेल. दोनों नरम पड़े. दिवाली के अंदर बर्तन एक करती मैं."

आई चरख्यावर होती. तिनं चरखा थांबवला. आत मी झोपले आहे असं तिला वाटलं असावं, कारण आवाज खाली घेऊन ती जे म्हणाली, ते तिनं माझ्यादेखत कधीच म्हटलं नसतं.

"येवडी गडबड काय हाय, चाची? मास्तरांच्या धाकटीचं लगीन होऊ द्या की आधी."

चाची तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाटी डोक्यावर घेतली.

"हौ माँ," ती म्हणाली. "ढकलती मैं आगे."